निवड, करार, औषध: खेळाडूला कायदा कुठे कामाला येतो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १७ वर्षांची, मॅटवरची कुस्ती खेळते. राज्य संघाच्या निवड चाचणीत ती आपल्या वजनगटात जिंकली, पण यादीत नाव दुसऱ्याच मुलीचं आलं. का, ते कुणी लेखी दिलं नाही. दरम्यान महाराष्ट्रातल्या एका खाजगी अकादमीने पाच वर्षांचा करार पुढे केला आहे. त्यात बक्षिसाचा ४० टक्के वाटा अकादमीचा, मध्येच सोडलं तर खर्च दामदुपटीने परत, आणि करार संपल्यावरही दोन वर्षं दुसरीकडे जायचं नाही, अशा अटी आहेत. तिथले प्रशिक्षक कसली तरी पावडर आणि वजन उतरवायच्या गोळ्या देतात. शेवटी ते विचारतात, 'खेळात कायदा खरंच न्याय देतो, की सगळं वरच्यांच्या हातात?'

मी बेळगावच्या न्यायालयात वकिली करते आणि खेळाडूंची, तालमींची, छोट्या संघटनांची प्रकरणं बरीच वर्षं हाताळते आहे. माझं उत्तर 'हो, देतो' असं आहे. पण तुम्ही तो जिथे शोधताय तिथे बहुतेक वेळा मिळत नाही, म्हणून निराशा येते. कोण जिंकलं, कोण जास्त चांगलं खेळतं, हे न्यायाधीश ठरवत नाहीत आणि त्यांनी ठरवूही नये. ते विचारतात ते वेगळं: नियम आधी लिहिलेला होता का, तो सगळ्यांना सारखा लावला का, ठरवणाऱ्याचा त्यात स्वतःचा फायदा होता का, ज्याचं नुकसान झालं त्याला बोलू दिलं का. ह्या चार प्रश्नांपैकी एकाचं जरी उत्तर चुकीचं निघालं, तरी मोठ्यातली मोठी संघटना न्यायालयात अडचणीत येते. चारही उत्तरं बरोबर असतील आणि तरी आपल्याला वाटत असेल की पोरगीच सरस होती, तर दावा टिकत नाही.

पंचांच्या निर्णयाचंही तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला, पैलवानाने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं. खांद्याचा निर्णय चूक होता की बरोबर, हे कोणत्याही दिवाणी न्यायालयात ठरणार नाही. मॅटवरचा निर्णय मॅटवरच, फेरआढाव्याची जी सोय नियमात असेल तिच्यातूनच बदलतो. पंचाने पैसे खाल्ले किंवा ठरवून पक्षपात केला, हे पुराव्याने दाखवता आलं तरच बाहेरचं दार उघडतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचं वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं. सगळा देश तिच्या बाजूने होता, तरी १४ ऑगस्ट २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तिचा अर्ज फेटाळला. नियम आधीपासून लिहिलेला होता आणि सगळ्यांना एकच होता.

आता तुमच्या मुलीच्या निवडीकडे येऊ. कुस्तीतली दोन प्रकरणं तुम्हाला माहीत असावीत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी ७४ किलोचा कोटा, म्हणजे त्या वजनगटातली देशाची जागा, नरसिंग यादवने मिळवला होता. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला हा पैलवान. सुशील कुमारने दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन 'आमची चाचणी घ्या' अशी मागणी केली. जूनमध्ये न्यायालयाने ती नाकारली. निवड हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, उघड मनमानी दिसल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही, असा त्या निकालाचा रोख. पुन्हा जुलै २०२३ मध्ये आशियाई खेळांसाठी विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया या दोन नामवंतांना चाचणीतून सूट दिली, तेव्हा अंतिम पंघाल आणि सुजीत कलकल त्याच न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. (पुढे विनेशने दुखापतीमुळे माघार घेतली, अंतिम गेली आणि तिने कांस्यपदक आणलं.)

हे वाचून हात टेकू नका. दोन्ही ठिकाणी संघटनेकडे दाखवायला काहीतरी होतं, कोटा कुणी मिळवला ते किंवा सूट देण्याची नियमातली तरतूद. तुमच्या सांगण्यात तसं काहीच नाही. चाचणी झाली, मुलगी जिंकली, नाव दुसरीचं आलं. चाचणी हाच निकष असेल, तर तो निकष पाळलाच नाही. चाचणी हा निकष नसेल, तर मग निकष कोणता आणि तो आधी कुठे जाहीर केला होता? ही कौशल्य तोलायची बाब नाही, कारण द्यायची आहे. कारण न देणं हेच मनमानीचं पहिलं लक्षण न्यायालयं मानतात. खाजगी संघटनेविरुद्ध रिट (उच्च न्यायालयातली थेट याचिका) चालते का, असंही तुम्हाला कुणी म्हणेल. २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाला 'राज्य', म्हणजे सरकारचा भाग, मानलं नाही, पण उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली त्यांच्याविरुद्ध जाता येईल, असं सांगितलं. राज्याचा संघ निवडणं हे सार्वजनिक काम आहे, आणि ते करणाऱ्याने सार्वजनिक जबाबदारीही घ्यायची. आपल्यासाठी ते न्यायालय म्हणजे कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. बंगळूरला जायची गरज नाही.

आता एक गोष्ट मला जरा विस्ताराने सांगायची आहे, कारण आपल्या भागातले बहुतेक अन्याय तिथेच जन्मतात. निवड समितीवर बसलेल्या माणसाची स्वतःची तालीम असते. त्याच्या तालमीची मुलगी चाचणीत असते. तो प्रामाणिक असेलही. कित्येक वस्ताद असतात, त्यांनी स्वतःच्या घरचं धान्य विकून पोरं घडवलेली मी पाहिली आहेत. पण तो प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. स्वतःच्या पोरीचा निवाडा करायला तो बसला, एवढंच पुरे. क्रिकेट मंडळाने २००८ मध्ये नियम ६.२.४ बदलून आपल्याच पदाधिकाऱ्यांना आयपीएलचे संघ विकत घ्यायची मुभा दिली होती. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. संघाचा मालक आणि स्पर्धेचा कारभारी एकच असेल, तर लोकांचा खेळावरचा विश्वासच उडतो, असं त्या निकालाचं सार आहे. त्यातूनच मंडळाचा कारभार सुधारायला लोढा समिती आली आणि १८ जुलै २०१६ च्या निकालाने तिच्या बहुतेक शिफारशी मान्य झाल्या. अब्जावधींच्या उलाढालीला लावलेलं हे तत्त्व जिल्ह्याच्या चाचणीलाही जसंच्या तसं लागू पडतं. म्हणून पत्रात 'अमक्याने पैसे खाल्ले' असं कधी लिहू नका. ते सिद्ध करणं अवघड, आणि उलट अब्रुनुकसानीची नोटीस येते. 'निवड समितीचे सदस्य हे निवडलेल्या खेळाडूचे प्रशिक्षक आहेत, तरी ते निर्णयातून बाजूला झाले नाहीत' एवढंच लिहा. हे कागदोपत्री सिद्ध होतं आणि परिणाम तोच साधतो.

कागदाचं बोलायचं तर आपली माणसं इथेच कमी पडतात. 'जाऊ द्या की वकीलबाई, मोठ्यांच्या नादाला कुठं लागायचं, पोरीचं पुढचं खराब व्हायचं' हे वाक्य मी आई-बापांच्या तोंडून सतत ऐकते. मला त्यांची भीती समजते. पण सौम्य शब्दांत कारण विचारणारं पत्र म्हणजे नादाला लागणं नव्हे. निवडीचे निकष, चाचणीची गुणपत्रिका, समितीच्या सदस्यांची नावं आणि अंतिम यादीचं कारण, एवढं मागा आणि पोच घ्या. जिल्ह्याच्या युवा सबलीकरण व क्रीडा खात्याकडे माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज टाका. संघटनेला सरकारी अनुदान मिळत असेल, तर तिची जी कागदपत्रं खात्याकडे आहेत ती तिथून मिळू शकतात. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळा राग एका अर्जात ओतू नका, तो परत येतो. कन्नड येत नाही म्हणून थांबूही नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडायला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरली जाणारी कोणतीही भाषा चालते. मराठीत दिलेला अर्ज घ्यावाच लागतो. मी मात्र सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडायला सांगते. हक्क सोडायचा म्हणून नव्हे. 'भाषांतराला पाठवलंय' ह्या कारणाखाली आठवडे जाऊ नयेत म्हणून.

सीमेवर राहण्याची आणखी एक अडचण खेळाडूला येते आणि ती बंगळूरच्या किंवा मुंबईच्या वकिलाला चटकन कळत नाही. मुलगी राहते खानापुरात, तालीम करणार कोल्हापूर-सांगलीकडे, शाळेचा दाखला तिकडचा, आधारकार्ड इकडचं. मग ती खेळणार कुणाकडून? आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. १९५९ मध्ये पहिले हिंद केसरी झालेले श्रीपती खंचनाळे मूळचे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, आणि त्यांचं नाव झालं कोल्हापूरच्या मातीत. तेव्हा नोंदणीचे कागद कुणी विचारत नव्हतं. आज एका खेळाडूची नोंदणी एकाच राज्य संघटनेत असते आणि राज्य बदलायचं तर मूळ संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो. हा दाखला अडवून ठेवणं हे हत्यार म्हणून वापरलं जातं. दोन्हीकडची नोंदणी एकाच मोसमात करून ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. पुढे तेच मुलीविरुद्ध जातं. दाखला हवा असेल तर लेखी मागा, योग्य मुदत द्या, नाकारला तर कारण मागा. कारणाशिवाय अडवलेला दाखला हे धारवाडला मांडण्याजोगं प्रकरण आहे. अकादमी कोल्हापूरची असेल आणि वाद तिच्याशी असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंचही सुरू झालं आहे, हेही लक्षात असू द्या.

कराराबद्दल मी स्पष्टच सांगते: आज सही करू नका. मुलगी १७ वर्षांची आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ पूर्ण न झालेली, व्यक्ती करार करू शकत नाही, आणि १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून असा करार मुळातच निरर्थक मानला जातो. अकादमीवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून ते बापाची सही घेतात. पण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चं कलम ८ सांगतं की पालक अज्ञान मुलाला वैयक्तिक बंधनात बांधू शकत नाही. म्हणजे 'माझी मुलगी पाच वर्षं तुमच्याकडेच खेळेल' असं तुम्ही लिहून दिलंत, तरी ती त्याने बांधली जात नाही. तुम्ही मात्र अडकू शकता, कारण खर्च परत करायची हमी तुम्ही स्वतःच्या नावावर दिलेली असेल. शेत, घर, सोनं यातलं काही त्या कागदात गुंतलेलं नाही ना, ते ओळ न् ओळ तपासा. आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर 'जुनाच करार कायम' अशी सही घेतात, तिलाही फारसा अर्थ नाही. अज्ञानपणीचा करार नंतर मान्य करता येत नाही, नवा करावा लागतो. ते तुमच्या पथ्यावर आहे. कारण नवा करार करताना मुलीची किंमत वाढलेली असेल आणि अटी तीही ठरवू शकेल.

संपल्यावर दोन वर्षं दुसरीकडे न जाण्याची अट तर सरळ करार कायद्याच्या कलम २७ च्या विरुद्ध आहे. या बाबतीत आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला खेळाडूंना मोठा आधार आहे. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीच्या करारात अट होती, की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाशी करार करण्याआधी ती ऑफर आम्हाला दाखवायची आणि आम्ही तेवढेच पैसे देत असू तर आमच्याकडेच यायचं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की करार संपल्यानंतर माणसाच्या धंद्यावर असं बंधन घालता येत नाही. करार चालू असतानाचं बंधन ही वेगळी बाब. ते वाजवी असेल तर टिकतं. दामदुपटीची अट कलम ७४ खाली येते. आकडा कितीही मोठा लिहिला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा.

तुम्ही कराराची प्रत पाठवलीत तर मी आणखी दोन जागा शोधेन. वाद झाला तर लवाद कोण? 'अकादमीच्या संचालकांचा निर्णय अंतिम' असं असेल, तर लवाद कायद्याच्या कलम १२(५) प्रमाणे तो माणूस लवाद होऊच शकत नाही, आणि २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर ज्याचा वादात स्वार्थ आहे त्याला दुसरा लवादही एकट्याने नेमता येत नाही. दुसरी जागा म्हणजे 'फक्त पुणे न्यायालयात' सारखं वाक्य. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला दोघांनी मिळूनही तो देता येत नाही. जिथे व्यवहाराचा काही भाग घडला, अशांपैकी एक निवडता येतं एवढंच. फी भरून प्रशिक्षण घेतलं आणि वचन दिलेली सोय दिली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावात.

चांगला करार कसा असतो, असं विचाराल तर थोडक्यात: मुदत एक किंवा दोन वर्षांची, बक्षिसाचा हिशेब दर तीन महिन्यांनी लेखी, दुखापतीचा विमा आणि उपचाराचा खर्च कुणाचा ते नावानिशी, शाळा-कॉलेजची हमी, आणि एक प्रत तुमच्या हातात. बक्षिसातला वाटा मागणं गैर नाही. खुराक, मॅट, प्रवास यांना पैसा लागतोच. पण सरकारी रोख पुरस्कार आणि शिष्यवृत्ती त्या वाट्यातून वगळून घ्या.

आता गोळ्यांचं. हा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिलात, माझ्या दृष्टीने तो सगळ्यात तातडीचा आहे. उत्तेजक द्रव्यांच्या कायद्यात 'मला माहीत नव्हतं' याने सुटका होत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं हा पुढचा प्रश्न. वजन उतरवायच्या गोळ्या म्हणजे बहुधा लघवी वाढवणारं औषध. फ्युरोसेमाइड हे त्यातलं नेहमीचं नाव, मेडिकलच्या दुकानात सहज मिळतं, आणि ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, बाराही महिने बंदी असलेल्या यादीत आहे. अशा औषधाला साधारण दोन वर्षांची बंदी, स्टेरॉइड सापडलं तर चार. १७ वर्षांच्या कुस्तीगीर मुलीची चार वर्षं म्हणजे तिची सगळी ज्युनिअर कारकीर्द.

नरसिंग यादवचंच पुन्हा बघा. निवडीची लढाई तो जिंकला आणि मग जुलै २०१६ मध्ये त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. 'माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं' हे त्याचं म्हणणं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने मान्य केलं. जागतिक संस्थेने अपील केलं, आणि रिओत कुस्तीला उतरायच्या आधीच क्रीडा लवादाने ते म्हणणं नाकारून चार वर्षांची बंदी घातली. कट झाला असं म्हणणं पुरेसं नसतं, तो कसा झाला ते खेळाडूला दाखवावं लागतं. म्हणून डब्याचं वेष्टन, बॅच नंबर, बिल जपून ठेवा. प्रशिक्षकाने सुटी पावडर कागदात बांधून दिली तर घेऊ नका. गावातल्या डॉक्टरला 'मुलगी स्पर्धा खेळते' हे आधी सांगा, आणि खरोखर आजारासाठी बंदीतलं औषध लागलं तर उपचारासाठीची सवलत अर्ज करून आधी घ्या. चाचणीच्या फॉर्मवर घेतलेली प्रत्येक गोष्ट लिहा, खोकल्याचं औषधसुद्धा. अहवाल विरुद्ध आला तर दुसरा, 'बी' नमुना तपासून मागण्याचा हक्क आहे, मुदत मात्र कमी असते. एक दिलासा आहे. १८ खालच्या आणि आंतरराष्ट्रीय खुल्या गटात न खेळलेल्या बहुतेक खेळाडूंना जागतिक उत्तेजकविरोधी संहिता 'संरक्षित व्यक्ती' मानते. द्रव्य कुठून आलं हे दाखवता आलं नाही तरी मोठी चूक नव्हती हे पटवून शिक्षा कमी करून घेता येते, कधी नुसत्या ताकिदीवरही भागतं. पण हा शेवटचा बचाव. प्रशिक्षकाला आजच सांगा की चिठ्ठीशिवाय, नाव वाचल्याशिवाय मुलगी काही घेणार नाही. त्यावर तो चिडला, तर अकादमीबद्दल जे कळायला हवं होतं ते तुम्हाला कळलं.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी वसतिगृहात राहणार असेल तर मला बोललंच पाहिजे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे, राहायची सोय असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. १८ खालच्या मुलीच्या बाबतीत पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागू होतो, आणि ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, मग तो वस्ताद असो, वॉर्डन असो की संघटनेचा सचिव. २०२३ मध्ये देशातल्या नामांकित कुस्तीगीर मुलींना साधा गुन्हा नोंदवून घ्यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ऑलिंपिक पदकवालीची ही गत, तर खेड्यातल्या पोरीची काय होईल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. अकादमीत समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर आहेत का, ते पहिल्या भेटीतच बघा.

कायदा कुठे तोकडा पडतो, हेही सांगते, आणि उदाहरण आपल्याच गावाच्या नावाचं आहे. २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या सामनानिश्चितीचा तपास सुरू झाला तेव्हा अटक झालेल्यांत बेळगावी पँथर्स संघाचे मालक होते. बेळगावचं नाव देशभर गेलं ते असं. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातले काही खटले रद्द केले. कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ४२० ला कुणालातरी भुलवून त्याची मालमत्ता काढून घेणं लागायचं. प्रेक्षक तिकीट स्वतःच्या इच्छेने घेतो. सामना ठरवणं ही अप्रामाणिक वागणूक आहे, मंडळाने शिस्तभंगाची कारवाई करावी, पण हा त्या कलमाखालचा गुन्हा होत नाही. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मला त्या निकालातलं कायद्याचं वाचन पटतं आणि तरी परिणाम सलतो, कारण दोष कायदेमंडळाचा आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवरच्या २०१० च्या नो-बॉल प्रकरणात पाकिस्तानी खेळाडूंना तुरुंगवास झाला, कारण तिथे जुगारातल्या लबाडीचं स्वतंत्र कलम होतं. श्रीलंकेने २०१९ मध्ये खास कायदा केला. आपल्याकडे २०१३ चा मसुदा तसाच पडून राहिला, २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात सामनानिश्चितीला गुन्हा ठरवा असं सांगितलं, पुढे काही झालं नाही. खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद ३३. कर्नाटकाला हे करायला दिल्लीची वाट बघावी लागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्याचं मी मनापासून स्वागत करते. संघटनांवर देखरेख करणारं मंडळ, वाद सोडवायला राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण, तिथून अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, कार्यकारिणीत किमान चार महिला आणि नामवंत खेळाडूंना जागा. कबड्डी महासंघाचा कारभार २०१८ पासून कित्येक वर्षं न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. तसं पुन्हा होऊ नये एवढी तरी अपेक्षा ठेवता येईल. पण त्या कायद्याचा भर राष्ट्रीय संघटनांवर आहे, आणि तुमच्या मुलीचं नाव कापलं गेलं ते त्याच्या कितीतरी खालच्या पायरीवर. चाचणीचं चित्रीकरण, निकष किमान महिनाभर आधी फलकावर, स्वतःचा खेळाडू असेल तर सदस्याने बाजूला होणं, आणि तक्रारीचा निकाल संघ रवाना होण्याआधी, एवढ्या चार गोष्टी राज्याने जिल्हा संघटनांच्या अनुदानाला अट म्हणून जोडल्या तरी निम्मे वाद माझ्यापर्यंत येणार नाहीत. जत्रेतल्या मैदानांनाही हे लागू आहे. नुरा कुस्ती झाली म्हणून लोक आरडाओरडा करतात आणि घरी जातात. यात्रा कमिटीने हँडबिलावरच 'पंच कमिटीला लढत ठरवून केल्याचं दिसलं तर इनाम मिळणार नाही' असं छापलं आणि पैलवानांकडून त्यावर सही घेतली, तर तो साधा करार होतो आणि इनाम रोखायला कमिटीला आधार मिळतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर घाई निवडीची आहे. करार मुलगी १८ ची होईपर्यंत थांबू शकतो, स्पर्धा थांबणार नाही. संघ रवाना झाल्यावर धारवाडला गेलात तर न्यायालय सहानुभूती दाखवेल, हातात काही देऊ शकणार नाही. म्हणून राज्य संघटनेला आणि जिल्हा क्रीडा खात्याला कारण विचारणारं पत्र उद्याच द्या, उत्तराला तीन दिवसांची मुदत घाला, आणि चाचणीच्या दिवशी कुणाच्या मोबाइलवर कुस्तीचं चित्रीकरण असेल तर ते आजच मागून घ्या. बाकीच्या पालकांकडे असतंच.